बालवाडीत स्वतःचं चित्रपुस्तक घेऊन जाताना

बालवाडीतल्या मुलांना लेखक म्हणजे काय ते माहीत नसतं, आणि माहीत असायची गरजही नाही. त्यांच्या लेखी एक अनोळखी मावशी किंवा काका वर्गात आलेले असतात, पिशवीत काहीतरी असतं आणि ते बहुतेक खाऊ नसावं, एवढा अंदाज त्यांनी बांधलेला असतो. मोठ्यांच्या पुस्तक-प्रकाशनाला लोक लेखकाला बघायला, ऐकायला येतात. इथे मुलांना पुस्तक बघायचं असतं आणि लेखक नेमका मध्ये उभा असतो. त्यामुळे सगळी तयारी एकाच दिशेने करायची: आपण कमी दिसायचं, पुस्तक जास्त दिसायला हवं.

ज्यांचं चित्रपुस्तक छापून आलंय आणि ते घेऊन एखाद्या बालवाडीत, नर्सरीत किंवा अंगणवाडीत जायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी कोल्हापूरची, त्यामुळे उदाहरणं इथली. माझ्या एका पुस्तकात गंगावेशीतली म्हैस भर रस्त्यात बसते आणि तिच्यामागे सायकल, रिक्षा, केएमटीची बस अशी रांग लागत जाते. पुढे सगळीकडे हीच म्हैस येणार आहे, तेवढी सांभाळून घ्या.

आधी बोलणी

परवानगी मुख्याध्यापकांकडून घ्या, पण बोलणी वर्गावरच्या ताईंशीच करा. वरच्या वर सगळं ठरतं आणि ज्यांच्या वर्गात जायचं त्यांना सकाळी कळतं, हा प्रकार फार होतो. ताईंना चार गोष्टी विचारा: मुलं किती, छोटा गट की मोठा गट, डब्याची सुट्टी कधी, आणि मुलं रोज कुठे बसतात. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण रोजच्या जागेवरून उठवून हॉलमध्ये नेलेली मुलं पहिली दहा मिनिटं हॉलच बघत असतात.

तारीख ठरवताना इथलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि पुढचे काही आठवडे छोट्या गटात रडारडच चालू असते. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरचा पाऊस. पत्र्याचं छप्पर असेल तर आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. पंचगंगेला पूर आला की शाळाच बंद. २०१९ आणि २०२१ चे पूर कोण विसरेल? नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, जुन्या शहरातले रस्ते वळवलेले असतात. डिसेंबरच्या अखेरीस गॅदरिंगच्या तालमी सुरू होतात आणि ताईंचं लक्ष नाचाच्या कपड्यांत गुंतलेलं असतं. राहिले दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दिवस डिसेंबरच्या मध्यापर्यंत, आणि मग फेब्रुवारी. माझ्यासारखं म्हशीचं पुस्तक असेल तर दिवाळीनंतरचा काळ सोन्याहून पिवळा, कारण पाडव्याला सजवून मिरवलेल्या म्हशी मुलांनी नुकत्याच पाहिलेल्या असतात. बालदिन आणि वाचन प्रेरणा दिन मात्र मी टाळते. त्या दिवशी शाळेत इतकं काही चाललेलं असतं की आपण कार्यक्रमपत्रिकेवरचा एक आकडा होतो.

वेळ सकाळची, प्रार्थना होऊन मुलं स्थिरावल्यावरची. डब्याच्या सुट्टीला किमान अर्धा तास बाकी हवा. डब्यांची झाकणं वाजायला लागली की कुठलीही गोष्ट टिकत नाही.

संख्येवर मात्र अडून बसा. ए-फोर आकाराचं उघडं पुस्तक हातात धरलं तर साधारण वीस-पंचवीस मुलांना नीट दिसतं. ए-फाइव्ह असेल तर आठ-दहांना. शाळा म्हणते, "तिन्ही वर्ग एकदमच बसवू, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल." तीन वेगळी वाचनं करीन, वेळ माझा जाईल, असं सांगा. ऐंशी मुलांसमोर चित्रपुस्तक वाचणं म्हणजे मागच्या साठ जणांना शिस्तीत बसायला शिकवणं. प्रोजेक्टर किंवा स्मार्ट बोर्ड असला तरी माझं मत बदलत नाही. पडद्यावर चित्र मोठं दिसतं हे खरं, पण पान उलटत नाही, आणि पान उलटणं हाच तर सगळा खेळ आहे.

सत्काराचंही आधीच बोलून ठेवा. आपल्याकडे पाहुणा आला की दीपप्रज्वलन, स्वागतगीत, नारळ, शाल, परिचय, आणि कोल्हापुरात वर फेटा. यात पंधरा मिनिटं गेली की मुलांची जी काही बसून राहण्याची शिल्लक होती ती संपली. नाही म्हणणं अवघड जातं, शाळेलाही वाईट वाटतं. मी म्हणते, सगळं करा, पण शेवटी करा. फेटा शेवटी बांधला तर मुलांनाही मजा येते. सुरुवातीला बांधला तर चार जण फेट्याकडेच बघत राहतात आणि एखादं घाबरतं.

ताईंना आणखी एक विनंती करायची: वाचनाच्या वेळी मुलांच्या मध्ये, सतरंजीवर बसा. खुर्चीवर मागे बसलेल्या ताई "तोंडावर बोट" म्हणतात. मध्ये बसलेल्या ताई स्वतःच पुस्तक बघायला लागतात.

पुस्तक पाठ हवं

पुस्तकाचं तोंड मुलांकडे असलं की ते आपल्याला वाचता येत नाही. मान वाकडी करून, एका डोळ्याने मजकूर बघत वाचणारा माणूस मुलांकडे बघू शकत नाही. तेव्हा पाठ करा. आपणच लिहिलंय, पाठ असेलच, अशा भ्रमात राहू नका. छापायला जाण्यापूर्वी इतके खर्डे झालेले असतात की तोंडात जुनंच वाक्य येतं.

घाट उतरून खाली कोकणात, कुडाळजवळ पिंगुळीला गेलात तर ठाकर समाजातले चित्रकथी हेच पिढ्यान्‌पिढ्या करत आलेले दिसतील. सुट्या चित्रांची पोथी असते, एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरलं जातं आणि कथा तोंडपाठ, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीने गायली जाते. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र धरणाऱ्याचा हात, कुठे थांबायचं, पुढचं चित्र कधी काढायचं, हे बघायला परदेशी व्हिडिओंपेक्षा पिंगुळीची एक चक्कर जास्त उपयोगी पडेल.

घरी सराव करताना मोबाइल समोर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड फुटावर ठेवा आणि रेकॉर्ड करा. आवाजाकडे नंतर बघू. आधी हे तपासा: अंगठा चित्रावर येतोय का? पुस्तक बोलता बोलता हलतंय का? चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडतोय का? पडत असेल तर पुस्तकाची वरची कड जराशी पुढे झुकवा, पट्टा जातो. पुस्तक खालून, मधोमध, शिवणीपाशी धरायचं. पान दुसऱ्या हाताने वरच्या कोपऱ्यातून उलटायचं. खालच्या कोपऱ्यातून उलटलं तर अख्खा हात चित्रावरून फिरतो. नवीन प्रत कडक असते आणि मिटू बघते, त्यामुळे वाचायची प्रत वेगळी ठेवा, चार-पाच वेळा पूर्ण उघडून सैल केलेली.

बसायची सोय

वर्गात गेल्यावर खिडकी बघा. खिडकी आपल्या पाठीमागे असेल तर मुलांना आपण आणि पुस्तक, दोन्ही काळे दिसतो. खिडकी मुलांच्या पाठीशी किंवा बाजूला हवी. मुलं अर्धगोलात, दोन किंवा फार तर तीन ओळींत. पहिली ओळ आपल्यापासून हातभर लांब. अगदी पायाशी बसलेल्या मुलांना मान वर करावी लागते, ती कंटाळून मागच्याशी भांडायला लागतात. आपण छोट्या स्टुलावर किंवा मुलांच्याच खुर्चीवर बसायचं. खाली मांडी घालून बसलं तर मागच्यांना दिसत नाही, उभं राहिलं तर सगळ्यांच्याच माना दुखतात.

माइक नको. वर्गाच्या आकाराला आवाज पुरतो, शिवाय माइक असला की एक हात गेला. बाहेर पीटीचा तास चालू असेल तर दार लावून घ्या.

पहिली दोन मिनिटं

नाव सांगा, एका वाक्यात पुस्तकाचं सांगा, लगेच मुखपृष्ठ दाखवा. "मी तुमच्यासाठी एक पुस्तक लिहिलंय, चित्रं एका दादांनी काढलीत." चित्रकाराचं नाव घ्यायला विसरू नका; या वयाची मुलं पुस्तक बघतात म्हणजे खरं तर त्याचंच काम बघत असतात. "मोठं झाल्यावर तुम्हीही लेखक व्हा", "वाचाल तर वाचाल" वगैरे काही नको. ते ताईंसाठी असतं, मुलांसाठी नाही.

मुखपृष्ठावर जरा रेंगाळा. हे कोण आहे, कुठे बसलंय, याला काय झालं असेल? मुलं तीन-चार अंदाज सांगतील. बरोबर-चूक काही न ठरवता, "बघूया हं" म्हणायचं आणि उघडायचं. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर नक्षी किंवा रंग असेल तर तेही दाखवा. शीर्षकाच्या पानावर नाव बोट फिरवत एकदा वाचा. बोटाचा उपयोग तेवढाच. २००५ साली कॅनडात मेरी अॅन एव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी मुलांच्या नजरेचा माग घेणारी यंत्रं लावून पाहिलं, तेव्हा गोष्ट ऐकताना लहान मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावरच असते, अक्षरांवर क्वचितच जाते, असं दिसलं. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवणं म्हणजे त्यांना चित्रावरून ओढून काढणं.

पान उलटण्याची जागा

चित्रपुस्तक लिहिताना आपण एक गोष्ट फार विचार करून केलेली असते: उजव्या पानाच्या शेवटी काहीतरी लोंबकळत ठेवलेलं असतं, जे पान उलटल्यावरच कळतं. "रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. म्हैस..." आणि पान. उलटल्यावर अख्ख्या जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन्ही पानांवर मिळून, तीच म्हैस, तिथेच, फक्त रवंथ करणारी. ती जागा कुठे आहे, किती वेळ ताणायची, हे इतर कुणाही वाचणाऱ्यापेक्षा लेखकाला जास्त माहीत असतं. बालवाडीत लेखक म्हणून जायचा खरा फायदा एवढाच आहे. बाकी सगळं ताई आपल्याइतकंच, बहुधा आपल्यापेक्षा चांगलं करू शकतात.

तर करायचं असं. जोडपान उघडल्यावर लगेच बोलू नका. मुलांची नजर चित्रावर फिरू द्या. दोन-तीन सेकंद लागतात आणि ते आपल्याला फार मोठे वाटतात. मग मजकूर म्हणा, हळू, छापलाय तसाच. मध्ये स्वतःची भर घालायचा मोह होतो: "आणि मग बरं का मुलांनो, काय झालं माहितीये..." तो आवरा. वाक्यांना लय असेल तर ती अशा भरीने मोडते, आणि आठवड्याने ताई पुस्तक वाचतील तेव्हा ते शब्द पुस्तकात नसतील. मुलं लगेच पकडतात, "असं नव्हतं!"

वाक्य संपलं की वरचा कोपरा चिमटीत धरा आणि थांबा. मुलांकडे बघा. हा कोपरा धरलेला हात मुलांना दोन-तीन पानांत कळतो. चौथ्या पानाला कोपरा धरला की कुजबुज सुरू होते. "उठणार." "नाही उठणार." "शेपूट मारणार." ही कुजबुज होऊ द्या, वाढू द्या, आणि ती टिपेला पोचायच्या जरा आधी पान उलटा. फार ताणलं तर मागचं कुणीतरी उठून पान ओढायला येतं. येऊ द्या, पुढच्या पानाला त्यालाच उलटायला सांगा. बाकीच्यांना पाळी हवी असेल तर "पुढच्या वाचनाला" म्हणा, आणि शब्द पाळा.

एकसारखी घटना पुन्हा पुन्हा येणारं पुस्तक असेल (सायकल आली, हलली नाही, रिक्षा आली, हलली नाही, बस आली, हलली नाही) तर दुसऱ्या वेळी वेग जरा वाढवा, तिसऱ्या वेळी "म्हैस..." एवढंच म्हणून गप्प बसा. बाकीचं वाक्य वर्ग पुरं करतो. त्यासाठी "चला, माझ्यामागे म्हणा" असं सांगावं लागत नाही. सांगितलं तर उलट शाळा सुरू होते.

आवाज किती काढायचे? बसच्या हॉर्नला एकदा मनापासून भोंगा वाजवा, पण प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढू नका. नाटक जास्त झालं की मुलं चित्र सोडून तुमच्या तोंडाकडे बघतात. शांत पानं शांतच राहू द्या.

शेवटचं पान झालं की पुस्तक पटकन मिटू नका. मलपृष्ठापर्यंत उलटत जा, मागचं चित्र दाखवा. "आवडलं का?" हा प्रश्न नको. वीस जण "होऽऽ" म्हणतील आणि आपल्याला काहीच कळणार नाही.

प्रश्न, आणि मध्येच निघणारे मामाकडचे किस्से

मुलांना काय विचारायचं याच्या याद्या बऱ्याच मिळतात. मी एकच पद्धत धरते, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलेली: मुलाला बोलतं करायचं, ते जे म्हणेल त्यात थोडी भर घालून परत त्याच्याकडे द्यायचं. मूल म्हणतं, "बसली." आपण म्हणायचं, "हो, रस्त्याच्या मधोमध बसली. आणि हा सायकलवाला?" मूल म्हणतं, "चिडला." "चिडला, आणि घंटी वाजवतोय." एवढंच. शाबास, व्हेरी गुड वगैरे कमी. भर घालून परत दिलेलं वाक्य हीच दाद असते.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधून ध्वनिमुद्रणं करून पाहिलं तर शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. बालवाडीत तर थांबायला हवंच. चार वर्षांच्या मुलाला वाक्य जुळवायला वेळ लागतो, आणि आपण तेवढ्यात दुसऱ्याकडे वळलो की त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहतं.

पहिल्या वाचनात प्रश्न फार तर तीन-चार ठिकाणी. प्रत्येक पानावर "हा रंग कोणता, या किती बसेस" सुरू केलंत की गोष्ट गेली, परीक्षा आली.

आणि किस्से निघणारच. एक म्हणतो, "माझ्या मामाकडे म्हस हाय." दुसरी म्हणते, "आमच्याकडे दोन हायत." तिसऱ्याकडे शंभर. कुणाची म्हैस पाण्यात गेली, कुणाची गाभण आहे, कुणाच्या आज्जीला तिने लाथ मारली. हे बोलणं अडथळा मानू नका, पण ओळीने पंचवीस किस्सेही ऐकता येणार नाहीत. "ज्यांच्या घरी, मामाकडे, शेजारी म्हैस आहे त्यांनी शिंगं करा" म्हटलं की सगळे डोक्याला बोटं लावतात, बहुतेकांचं समाधान होतं आणि आपल्याला पान उलटता येतं. राहिलेले किस्से दुसऱ्या वाचनानंतर. मुलाच्या बोलीला हात लावू नका. "म्हस नाही बाळा, म्हैस" असं म्हटलं तर ते पुढचं वाक्य बोलत नाही.

काही प्रश्न अडचणीचे येतात: म्हैस शू कुठे करते, ती मेलीय का, पोलीस तिला मारणार का. सरळ उत्तर द्या. रस्त्यावरच करते. मेलेली नाही, हे बघ डोळे उघडे आहेत. आपल्याला उत्तर ठाऊक नसेल तर "चित्रात शोधू" म्हणा. अनेकदा सापडतं, कारण चित्रकाराने आपल्याला न सांगता बरंच काही काढून ठेवलेलं असतं.

एखादं मूल रडायला लागलं तर वाचन थांबवू नका, ते ताईंचं क्षेत्र. शूला जायचं असलेल्याला जाऊ द्या, पण त्याच्या पाठोपाठ आणखी सात जणांना लागते, त्यासाठी मदतनीस मावशी दाराशी हव्यात. आणि आपल्याकडे पाठ फिरवून, कोपऱ्यात बसून खेळण्याशी खेळणारं मूल ऐकत नाही असं समजू नका. शेवटचं वाक्य बऱ्याचदा तेच सांगतं.

दुसरं वाचन

तेच पुस्तक तिथेच, लगेच पुन्हा वाचा. लेखकांना हे अवघड वाटतं, मुलांना अजिबात नाही. पहिल्या वेळी काय होतंय ते कळलं. आता कसं होतंय ते बघायचं असतं. या वेळी पाळ्या वाटा: पान उलटणारे, घंटी वाजवणारे, हॉर्न वाजवणारे. या वेळी थांबून बोला, बोट दाखवा, मागच्या पानावर परत जा. छोट्या गटात, म्हणजे तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांत, दुसरं वाचन लगेच जमत नसेल तर मध्ये एक बडबडगीत घ्या, उड्या मारा, मग बसा. या गटाला एका दमात पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त धरू नका. मोठ्या गटाला बारा-पंधरा मिनिटं चालतात.

इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीतून कधीकधी सूचना येते की गोष्ट इंग्रजीत सांगा, पालकांना आवडेल. पुस्तक मराठी असेल तर मराठीतच वाचा. लय मराठीत बांधलेली असते, तोंडी भाषांतर करताना ती उरत नाही. मुलं तर घरी आईशी मराठीतच भांडत असतात. एखाद्या मुलाची घरची भाषा कन्नड किंवा हिंदी असेल तर त्याला म्हशीला घरी काय म्हणतात ते विचारा. वर्गाला एक शब्द मिळतो.

पुस्तक कसं होतं, ते दाखवा

लेखक आल्याचा मुलांना दिसेल असा पुरावा म्हणजे कच्चा माल. चित्रकाराकडून एक-दोन पेन्सिलची रेखाटनं मागून घ्या, शक्यतो बाद झालेलं एखादं. "आधी म्हशीला अशी शिंगं होती, मग अशी केली." मुलांना बाद चित्र पक्क्यापेक्षा आवडण्याची शक्यता बरीच असते, तयारीत राहा.

दुसरं म्हणजे छापखान्यातला अखंड कागद. आपलं पुस्तक छापताना सुरुवातीला रंग जुळवण्यात जी शीट वाया जाते तिची एक-दोन मागून ठेवा. छपाईआधी सांगून ठेवलं तर प्रेसवाले ठेवतात, नंतर विचाराल तर रद्दीत गेलेली असते. सोळा पानांचा फॉर्म असेल, म्हणजे एका अखंड कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापलेली असतील, तर कागदाच्या एका बाजूला आठ पानं, काही सरळ, काही उलटी. हा भला मोठा कागद जमिनीवर पसरा आणि मुलांना भोवती फिरू द्या. "म्हैस डोक्यावर उभी आहे!" मग तो सगळ्यांसमोर घडी घालत आणा: एक घडी, दोन, तीन, आणि एकदम पुस्तकाच्या आकाराचा गठ्ठा. कडा न कापलेल्या असल्याने पानं उघडत नाहीत, तेही दाखवा. या पाच मिनिटांत "लेखक म्हणजे काय" यावरच्या भाषणापेक्षा बरंच काही घडतं.

हाताला काम

पुस्तकातल्या चित्राची झेरॉक्स देऊन रंगवायला लावणं टाळा. दोन उपाय सांगते. एक, गोष्ट अंगाने करायची: ताईंनी शाल पांघरून म्हैस व्हायचं (फेट्याआधीची शाल इथे कामी येते), मुलांनी मागे रांग लावायची. जागा नसेल तर व्हरांड्यात. दोन, कोरे कागद आणि तेलखडू: "म्हैस उठून कुठे गेली असेल?" मूल चित्र काढत असताना जवळ बसा आणि ते जे सांगेल ते खाली लिहा, शब्द न बदलता. "म्हस रंकाळ्याला गेली आनि भेळ खाल्ली." असं लिहून दिलेला कागद मूल दिवसभर ज्याला-त्याला दाखवत फिरतं. सगळे कागद एकत्र शिवून किंवा पंच करून दोऱ्याने बांधा, वरती मुलांची नावं लेखक म्हणून. हे पुस्तक वर्गातच ठेवायचं, आपण घरी न्यायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

कोल्हापुरातल्या शिक्षकांना यात फार नवं काही नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं तेव्हापासून मुलांना बोलू देणं, करू देणं याची एक वाट या शहरात आहे. अनेक ताई आपल्याला आणखी चांगल्या युक्त्या सुचवतील, ऐका.

अंगणवाडीत जायचं तर

खासगी नर्सरीइतकंच, माझ्या मते जास्त, अंगणवाडीत जायला हवं. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या सरकारच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आहार एकाच खोलीत चालतो, आणि चित्रपुस्तकं तिथे थोडीच पोचतात. जायच्या आधी सेविकाताईंना भेटा, आणि त्यांच्या पर्यवेक्षिकांचा किंवा बालविकास प्रकल्प कार्यालयाचा होकार घेऊनच तारीख ठरवा. नाहीतर जाब त्यांना द्यावा लागतो. खोली लहान, वयं मिसळलेली, दाराशी धाकट्या भावंडांना घेऊन आया उभ्या. आयांनाही आत बोलवा. शिजणाऱ्या खिचडीचा वास सुटण्याआधी वाचन आटपा; त्यानंतर कुणीही ऐकणार नाही, आणि बरोबरच आहे. सेविकाताईंना रजिस्टर, वजनं, मोबाइलवरच्या नोंदी अशी ढीगभर कामं असतात, तेव्हा "नंतर अहवाल पाठवा" असलं काही त्यांच्या गळ्यात घालू नका.

सह्या, विक्री, फोटो

वर्गात पुस्तकं विकू नका. ज्या मुलाच्या हातात पैसे नाहीत त्याच्यासमोर शेजारच्याला पुस्तक मिळणं या वयात फार लागतं. शाळा तयार असेल तर आदल्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर पुस्तकाचं नाव, किंमत, सवलत कळवावी. ज्यांना हवं त्यांनी शाळा सुटताना गेटवर घ्यावं. रिक्षातून, व्हॅनमधून जाणाऱ्या मुलांचे पालक येत नाहीत, त्यांच्या प्रती नाव लिहून ताईंकडे ठेवा. शाळेने प्रती घेतल्या तर बिल तयार ठेवा. मानधन घ्या किंवा घेऊ नका, पण ते आधी बोला. येण्याजाण्याचा खर्च तरी मागायला संकोच नको.

सही मुलांना कळत नाही. नावाखाली दोन रेघांत म्हैस काढून दिली की कळते. नाव मात्र पालकांना विचारून लिहा. ओवी, ओवी-श्री आणि ओवीश्री ही तीन वेगळी मुलं असतात.

फोटोला शाळेमार्फत पालकांची परवानगी घ्या. नसेल तर मुलांच्या पाठीमागून, पुस्तक समोर दिसेल असा एक फोटो काढा. वाचन चालू असताना कुणी समोर येऊन फोटो काढत असेल तर त्याला सौम्यपणे खाली बसवा.

निघताना आणि नंतर

दोन प्रती वर्गात ठेवून या: एक शाबूत राहण्यासाठी, एक फाटण्यासाठी. ताईंना ही दुसरी प्रत मुलांच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवायला सांगा. पुस्तक कुलपाच्या कपाटात गेलं की मुलांपुरतं ते संपलं. सोबत पारदर्शक चिकटपट्टीही द्या.

आठ-दहा दिवसांनी ताईंना फोन करा. कार्यक्रम कसा झाला हे विचारू नका, छान झाला असंच सांगतील. विचारा: मुलं पुस्तक स्वतःहून काढतात का? कुठलं पान जास्त मळलंय? कुठल्या पानावर भराभर पुढे जातात? खेळात त्यातलं काही आलं का? ही उत्तरं एका वहीत, पानांच्या क्रमाने लिहून ठेवा. दोन-तीन वेगवेगळ्या शाळांत मुलं एकाच पानावर घाई करत असतील तर तिथला मजकूर जास्त झालाय. दुसऱ्या आवृत्तीचं काम निघालं की चित्रकार आणि प्रकाशकासमोर बसताना ही वही बरोबर न्या. मळलेली प्रत ताई देत असतील तर तिच्या बदल्यात नवी द्या, आणि तीही न्या.